घर विकायचेय? आधी खिडक्या मोकळ्या करा

ठाण्यातल्या एका तीस वर्षे जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त जोडप्याने नाशिकला मुलाच्या घराजवळ फ्लॅट पसंत केला. दोन लाख रुपये विसार दिला. उरलेली रक्कम चार महिन्यांत द्यायची होती आणि ती येणार होती ठाण्याचे घर विकून. मुदत टळली तर विसार बुडणार, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते.

घरात खोट काढण्यासारखे काही नव्हते. स्टेशन पंधरा मिनिटांवर, पाण्याची ओरड नाही, सोसायटीची थकबाकी नाही, कागदपत्रे चोख. तरीही दीड महिन्यात आठ जण घर पाहून गेले आणि आठही जण ‘कळवतो’ म्हणाले. कळवले कुणीच नाही. मग एजंटने त्याच्या पोतडीतला ठरलेला सल्ला बाहेर काढला, ‘‘काका, तीन लाख कमी करा, महिन्यात गिऱ्हाईक उभे करतो.’’

काकांनी होकार देण्याची जवळजवळ तयारी केली होती. पण काकूंच्या मनात एका बाईचे बोलणे घर करून बसले होते. आठांपैकी ती पाचवी. स्वयंपाकघर, बेडरूम सगळे पाहून झाल्यावर तिने दाराशी चप्पल घालता घालता विचारले होते, ‘‘दिवसासुद्धा दिवे लावावे लागतात का हो?’’ काकू खरे बोलणाऱ्या. ‘‘हो, लावावे लागतात,’’ म्हणाल्या. ती बाई हसली आणि जिना उतरून गेली.

काकूंची भाची इंटिरिअरची कामे करते. काकूंनी तिला बोलावले. तिला वाटले होते की भाची नवे पडदे, नवा सोफा, दिवाणखान्याला एक रंगीत भिंत असले काही सुचवेल. भाची रविवारी सकाळी दहा वाजता आली आणि तिने पहिल्यांदा काय केले, तर घरातले सगळे दिवे बंद केले. पाच मिनिटे ती नुसती दिवाणखान्यात बसून राहिली. मग म्हणाली, ‘‘मावशी, घर अंधारे नाहीये. तुम्ही ते अंधारे केलेय.’’

खिडकी आपणच बुजवतो

दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेकडची, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच. बिल्डरने ती नीट दिली होती. पण पंचवीस वर्षांत त्या खिडकीवर काय काय चढले होते ते पाहा. बाहेर बॉक्स ग्रिल. तिच्यात तुळस, दोन वाळलेली रोपे, रंगाचे रिकामे डबे, मोडकी घडीची शिडी आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेला पत्रा. आत काचेला तपकिरी फिल्म, समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून मुले शाळेत असताना लावलेली. फिल्मच्या आत डासांची जाळी, तिच्या भोकाभोकात धूळ. जाळीच्या आत पातळ पडदा, त्याच्यावर जाड पडदा आणि सगळ्यांच्या डोक्यावर फूटभर उंचीची पेलमेट.

यातला एकही थर वेडेपणाने लावलेला नव्हता. प्रत्येकाला त्या त्या वेळी कारण होते. पण उजेडाचा हिशेब बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो. समजा प्रत्येक थराने शंभरातला सत्तर भाग उजेड पुढे सोडला, तर दोन थरांनंतर एकोणपन्नास उरतात, तीन थरांनंतर चौतीस आणि चार थरांनंतर जेमतेम चोवीस. म्हणून एक थर काढला की फरक फारसा जाणवत नाही आणि तीन काढले की घर ओळखू येत नाही.

खिडकी केवढी असावी याचे प्रमाण ठरलेले आहे. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार मुंबई-कोकणासारख्या दमट, उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश, तर कोरड्या, उष्ण हवेत किमान एक दशांश एवढी खिडक्या-झरोक्यांची जागा हवी. दारे त्यात धरायची नाहीत. म्हणजे बारा बाय दहाच्या खोलीला ठाण्यात वीस चौरस फूट खिडकी पाहिजे. काकूंची खिडकी बरोबर वीस चौरस फुटांचीच होती. कागदावर. प्रत्यक्षात मोकळी किती होती, हे भाचीने टेप लावून मोजले, तर पेलमेट, खिडकीत घुसलेली लोखंडी कपाटाची कड आणि दोन्ही बाजूंना गोळा होणारे पडदे वजा जाता नऊ चौरस फूटही भरेना.

तुमच्या घरी हीच मोजणी करून पाहा. घर विकायचे नसले तरी करा.

वरची एक फूट सर्वांत मोलाची

खिडकीचा सगळा भाग सारखा उजेड देत नाही. खालच्या भागातून येणारा उजेड खिडकीजवळच्या जमिनीवरच पडून राहतो. खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत जातो तो खिडकीच्या वरच्या भागातला उजेड, कारण तिथून आकाश दिसते. ढोबळ हिशेब असा की, खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोहोचतो. कड सात फुटांवर असेल तर चौदा फूट. आता त्याच जागी पेलमेट आणि झालर लावून वरची फूटभर काच झाकली की कड सहा फुटांवर आली आणि खोलीतल्या आतल्या दोन फुटांत संध्याकाळ झाली.

पेलमेट एके काळी श्रीमंतीची खूण होती. आज ती धूळ साठवण्याचे फळकूट आहे. काकूंकडची सुताराने अर्ध्या तासात उतरवली. तिच्या जागी साधा दांडा आला, पण तो खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच लांब आणि चौकटीच्या वर सहा इंच. यामुळे पडदे सरकवले की ते भिंतीवर जाऊन बसतात, काचेवर नाही. एवढ्या एका बदलाने खिडकीही रुंद दिसू लागते. जाड पडदा काढून टाकला. पातळ, पांढरट सुती पडदा तेवढा ठेवला, कारण समोरची इमारत अजून तिथेच होती.

फिल्म खरवडून काढायला काकांना दोन दुपारी लागल्या. जाळी उतरवून मोरीत साबणाच्या गरम पाण्याने धुतली, तर पाणी काळे झाले. ग्रिलमधला संसार भंगारवाल्याकडे गेला. ग्रिल मात्र काढली नाही आणि काढूही नये. ज्या घरात लहान मुले येणार-जाणार, तिथे ग्रिल हवीच. शिवाय इमारतीच्या दर्शनी भागात कुठलाही फेरबदल करायचा तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते. नेमक्या विक्रीच्या वेळी सोसायटीशी वाद उकरून काढण्यात शहाणपण नाही, कारण ना-हरकत पत्रासाठी त्याच सेक्रेटरीचे दार वाजवायचे असते. ग्रिल घासून पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, एवढे पुरले. काळ्या गजांपेक्षा पांढरे गज डोळ्यांना कमी टोचतात आणि उजेड आत लोटतात.

रंग, आरसा आणि कपाट

आत आलेल्या उजेडाला पुढे कोण नेते? भिंती आणि छत. पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे ऐंशी टक्के उजेड परत फेकतो, गडद निळा किंवा तपकिरी जेमतेम दहा ते वीस टक्के. घर विकण्यापूर्वी सगळे घर रंगवण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल तर निदान छत रंगवा. त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही असे आपण म्हणतो, पण पंख्याच्या वाऱ्याने काळवंडलेले छत अर्धा उजेड गिळून बसलेले असते. त्यानंतर पैसे उरले तर खिडकीच्या समोरची भिंत. रंग मॅट घ्यावा. चकचकीत ऑइलपेंटवर खिडकीची तिरीप पडली की डोळे दिपतात आणि प्लॅस्टरचा प्रत्येक खड्डा-उंचवटा जाहीर होतो.

आरशाबद्दल गैरसमज फार. खिडकीच्या अगदी समोर मोठा आरसा लावला की उजेड दुप्पट होतो, असे समजून लोक आरसा लावतात आणि मग त्या आरशात समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप दिवसभर पाहत बसतात. आरसा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर लावावा. तिथून तो उजेड खोलीत तिरका सोडतो. आणि आरसा लावण्यापूर्वी कपाट हलवावे. कित्येक घरांत लोखंडी कपाट खिडकीच्या पाव भागावर चढून बसलेले असते आणि ‘दुसरीकडे जागाच नाही’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वी एकदा उच्चारल्यावर पुन्हा कुणी जागा शोधलेली नसते.

स्वयंपाकघराचे दुखणे वेगळे. काळ्या कडप्प्याचा ओटा, वर तेलकट जाळीची खिडकी, तिच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट फॅन आणि खिडकीच्या कट्ट्यावर मसाल्यांच्या बरण्यांची रांग. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर उजेड आधीच मोजका. ओटा बदलणे खर्चाचे काम आहे. बरण्या हलवणे नाही. डक्टच्या भिंतीला सोसायटीने पांढरा चुना जरी मारला तरी तळमजल्यापासूनच्या सगळ्या स्वयंपाकघरांना फायदा होतो, हे सभेत सांगून पाहायला हरकत नाही. पॅसेजमध्ये अंधार असेल तर बेडरूमच्या दारावरचे झरोके पाहावेत. त्यांच्या काचांवर बहुधा रंग फासलेला असतो किंवा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेला असतो.

आपल्या घराची वेळ ओळखा

पूर्वेची खिडकी सकाळी दहा-अकरापर्यंत घराला सजवते, नंतर निवते. पश्चिमेची तीननंतर तापते. दक्षिणेच्या खिडकीची गंमत अशी की तिचे वागणे ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबर-जानेवारीत ठाणे-मुंबईला भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांवरच असतो. त्यामुळे छज्जा असूनही ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत चार-पाच फूट येते. मेच्या मध्यावर तोच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून कवडसाही आत येत नाही. उत्तरेची खिडकी वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन देत नाही, पण तिचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. चित्रकारांना म्हणूनच उत्तरेचा उजेड आवडतो. ‘आमच्याकडे ऊन येत नाही’ म्हणून खंत करणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे.

दोन इमारतींच्या फटीत अडकलेल्या खालच्या मजल्यावरच्या घरालाही स्वतःची एक वेळ असते. सूर्य माथ्यावर असताना, बारा ते एक, त्या फटीत ऊन उतरते. असे घर उन्हाळ्यात दाखवायला काढले आणि लोकांना दुपारी बोलावले तर ते आपले सर्वांत चांगले रूप दाखवते.

ठाण्याचा हिशेब सगळीकडे चालत नाही. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घर पाहायला आलेला माणूस उजेड शोधत नाही, सावली शोधतो. तिथे पश्चिमेच्या खिडकीचे पडदे मोकळे सोडून गिऱ्हाइकाचे स्वागत करणे म्हणजे सौदा हातचा घालवणे. पण विदर्भातच अनेक घरांत एप्रिलमध्ये खिडकीला लावलेला कूलर दिवाळी झाली तरी तसाच असतो, खस वाळलेली, टाकीत पालीची पिल्ले. घर हिवाळ्यात दाखवायचे असेल तर आधी तो कूलर उतरवा. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांचा अनुभव याच्या उलट. तिथे थंडीत दुपारचा सूर्य ३८ अंशांपर्यंतच चढतो, धुके असते, आणि दक्षिणेकडच्या बाल्कनीत जानेवारीचे ऊन येते की नाही हे घर घेणारा पहिल्यांदा विचारतो. तिथे बाल्कनी काचेने बंद करून तिची अडगळीची खोली केलेली असेल तर ती आधी रिकामी व्हायला हवी. कोकणातल्या कौलारू घरात माजघर अंधारे असेल तर चार-सहा कौले काढून तिथे काचेची कौले बसवावीत. हा उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि पावसापूर्वी कौले शाकारताना सहज होतो. गोव्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असतात. त्यांतून येणारा दुधी उजेड हीच त्या घराची श्रीमंती. विकण्यापूर्वी ‘जुनाट दिसते’ म्हणून तिथे अॅल्युमिनियमचे स्लायडिंग बसवणारे लोक स्वतःच्याच घराची किंमत पाडतात.

‘ईस्ट फेसिंग’ या शब्दाने मोठा घोळ घातला आहे. जाहिरातीत ईस्ट फेसिंग म्हणजे बहुधा मुख्य दार पूर्वेला. पण फ्लॅटच्या मुख्य दारातून दिसतो जिना किंवा लिफ्ट. सूर्य तिथून येत नाही. उजेड खिडक्यांतून येतो आणि पूर्वेचे दार असलेल्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेलाही असू शकतात. घर विकणाऱ्याने दाराची दिशा सांगावीच, लोक विचारतात. पण सोबत कुठल्या खिडकीत किती ते किती ऊन येते हेही लिहून ठेवावे. हे सांगणारा माणूस घरात खरोखर राहिलेला आहे, हे लगेच कळते.

आज पुष्कळजण आधी मोबाइलवर फोटो पाहतात आणि मग घर पाहायला यायचे की नाही ते ठरवतात. ते फोटो रात्री फ्लॅश मारून काढू नयेत. दिवे बंद करून, घराच्या चांगल्या वेळेला, खिडकीकडे पाठ करून खोलीच्या आतल्या बाजूचे फोटो काढावेत. खिडकीकडे तोंड केले की काच पांढरी भगभगीत आणि खोली काळी येते. फोटो मोबाइलमध्ये उजळवून टाकण्याचा मोह टाळावा. दारात आलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला पाहण्यात काय हशील?

उजेडात ओलही दिसते

काकूंच्या घरात एक गोष्ट अपेक्षेबाहेर घडली. जाड पडदा निघाला, ऊन आत आले आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हातभर पिवळट डाग दिसला. ओल. पावसाळ्यात चौकटीच्या फटीतून पाणी मुरत होते आणि पडद्याने ते वर्षानुवर्षे झाकले होते.

एजंट म्हणाला, ‘‘पुट्टी मारून रंग द्या, पावसाळ्याला अजून पाच महिने आहेत.’’ असले सल्ले फुकट मिळतात. पण पावसाळा येणारच असतो आणि घेणारा त्याच शहरात राहणार असतो. भाचीने गवंड्याला बोलावून चौकटीभोवतीची बाहेरची फट भरून घेतली, आतले पोपडे खरवडले आणि भिंत वाळू दिली. काकांनी ठरवले की विचारण्याआधीच सांगायचे.

बाजूच्या प्लॉटविषयीही त्यांनी हेच केले. शेजारच्या दुमजली इमारतीचा पुनर्विकास होणार अशी कुजबुज होती. तिथे टॉवर उभा राहिला तर पश्चिमेच्या बेडरूमचा उजेड कमी होणार होता. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, वीस वर्षे अखंड आणि शांतपणे उपभोगलेल्या उजेडावर हक्क सांगण्याची तरतूद आहे खरी. पण त्याच्या भरवशावर घर विकणे किंवा घेणे म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या विकत घेणे. घर घेणाऱ्यांनीही खिडकीतून बाहेर पाहताना फक्त झाडे पाहू नयेत. समोरची जागा मोकळी आहे ती कुणाची आणि किती दिवस मोकळी राहणार, हे विचारावे.

जानेवारीतला रविवार

जानेवारीत काकूंनी एजंटला बजावले की संध्याकाळी कुणालाही आणायचे नाही. त्याने कुरकुर केली, नोकरदार माणसे दिवसा कशी येणार म्हणाला. ‘‘रविवारी येतील,’’ काकू म्हणाल्या. रविवारी अकरा वाजता कल्याणचे एक कुटुंब आले. नवरा, बायको, शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई. घरात पॅसेज आणि बाथरूम सोडून एकही दिवा लावलेला नव्हता. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर ऊन आलेले. नवरा-बायको आत बेडरूम पाहत असताना सासूबाई त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि घर पाहून होईपर्यंत उठल्या नाहीत.

काकांनी डागाची भिंत दाखवली, दुरुस्तीची पावती दाखवली, शेजारच्या प्लॉटचे सांगितले. त्या कुटुंबाने त्यापोटी पन्नास हजार कमी करून मागितले. काकांनी तीस कबूल केले. एजंटने सुचवलेल्या तीन लाखांच्या पुढे हे काहीच नव्हते. पेलमेट उतरवणे, रंग, गवंडी, नवा दांडा आणि पडदे मिळून खर्च झाला होता अठरा हजारांच्या आत. नाशिकची मुदत संपायला सव्वीस दिवस बाकी असताना करार झाला.

सामान बांधायच्या आठवड्यात कल्याणच्या सुनेचा फोन आला. बाकी काही नाही, पण दिवाणखान्यातले पांढरे पडदे ठेवाल का, असे तिने विचारले. काकूंनी ते धुऊन, इस्त्री करून पुन्हा दांड्यावर लावले आणि किल्ली शेजाऱ्यांकडे दिली.